खुर्ची आणि खिडकी यांच्यामधला शब्द

माझ्या आत्याचा आवाज असा होता, की तळमजल्यावर ती घरमालकाशी दोन वाक्यं बोलली तरी तिसऱ्या मजल्यावर आई चहाचं आधण ठेवायची. ती आमच्याच शाळेत इंग्रजी शिकवायची. लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची, आणि वडिलांपेक्षा मोठी असल्यामुळे घरातलं शेवटचं मत तिचं असायचं. पहिलं मतही बहुतेक वेळा तिचंच असायचं.

चाळिशी उलटली आणि तिला काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं. ती दाराच्या चौकटीला खांदा धडकवायची आणि चौकटीलाच बोलायची. मग समोरचंही आक्रसत गेलं. नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, म्हणायची. फळ्यावर लिहिताना ओळी एकमेकींवर चढू लागल्या. डॉक्टरांनी थेंब दिले, दोन शस्त्रक्रिया केल्या आणि शेवटी सांगितलं, की गेलेलं परत आणता येणार नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात राहिलेलंही गेलं. उजेड आहे की नाही एवढं मात्र तिला कळायचं.

त्या वर्षी ती रजेवर घरी होती. आम्हाला वाटलं, ती खचेल. रडायचीही कधी कधी, दार लावून. पण दार उघडलं की भांडायला तयार. सगळ्यात जास्त भांडण वडिलांशी.

"ताई, तुझी काठी तिथे आहे बघ," वडील म्हणायचे.

"तिथे म्हणजे कुठे?"

"अगं ही काय, इथेच."

"इथे, तिथे, ही काय! तू बोटाने बोलतोयस. मला तुझं बोट दिसत नाही. तोंडाने बोल."

वडील बिचारे थांबून विचार करायचे. "दाराच्या मागे. छत्रीच्या शेजारी."

"हां. आता कसा माणसासारखा बोललास!"

काही दिवसांत आमच्या घरातून 'इथे' आणि 'तिथे' हद्दपारच झाले. मीठ ओट्यावर डाव्या कडेला, तेलाच्या बाटलीपुढे. चप्पल पायपुसण्याच्या उजवीकडे. कुणी वस्तू हलवली की मोठ्याने सांगायचं. आई गमतीने म्हणायची, की या घरात आता वस्तूंनाही पत्ते आहेत. पण त्या पत्त्यांवर आत्या घरभर फिरू लागली, चहा करू लागली, आणि रजा संपायच्या आधीच तिने जाहीर केलं, "मी शाळेत चालले."

वडील म्हणाले, "ताई, वैद्यकीय कारणावर निवृत्ती मिळेल. आरामात घरी बस. कुणी नावं ठेवणार नाही."

"नावं ठेवोत ना. पण मी आराम करण्याएवढी दमलेलीच नाही."

मी त्याच शाळेत आठवीत होते, म्हणून तिला मुख्याध्यापकांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. ती आत गेली, मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. तिच्या आवाजामुळे दार बंद असून नसल्यासारखंच होतं.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. सगळ्यांना थोडं थोडं खूश ठेवायच्या नादात त्यांचे केस गेले होते, असं आत्याच म्हणायची. ते म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी मी जागा ठेवली आहे. वाचनालयात बसा. पगारात काही फरक पडणार नाही."

"वाचनालयात मी काय करू? पुस्तकांचा वास घेऊ?"

"अहो, तसं नाही..."

"मला वर्ग द्या."

"वर्गावर लक्ष कसं ठेवणार तुम्ही?"

"डोळे असताना तरी कुठे ठेवता येत होतं? तुम्हाला येतं?"

मग मुख्याध्यापकांनी सातवी 'क' देऊ केली. 'क' तुकडीवर कुणीच टिकत नसे. आदल्या वर्षात तिथून इंग्रजीचे दोन शिक्षक सुटका करून घेऊन गेले होते. "सहामाहीपर्यंत बघू," मुख्याध्यापक म्हणाले. बाहेर आल्यावर आत्या मला म्हणाली, "त्यांना वाटतंय, मुलंच मला घालवतील. म्हणजे ह्यांना वाईटपणा नको."

सातवी 'क' आणि आमचा वर्ग यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत होती. पहिल्या दिवशी तास सुरू झाला आणि पलीकडून 'धप्प' असा आवाज आला. मागोमाग हशा. आत्या बसायला गेली आणि खुर्ची जागेवर नव्हती, हे न बघताही मला कळलं.

मला वाटलं, आता ती ओरडणार. ती म्हणाली, "मी कुठे पडले? इंग्लिशमध्ये सांगा."

कुणी बोलेना.

"तोंडं शिवली का? हसताना तर उघडी होती."

एक बारीक आवाज आला, "ऑन द फ्लोअर."

"बरोबर. आणि खुर्ची कुठे आहे?"

"बाई, चेअर इज... विंडो."

"खुर्ची खिडकी आहे?" पुन्हा हशा झाला, पण या वेळी वेगळा. "हे बघा, खुर्ची आणि खिडकी यांच्यामधला एक शब्द तुम्ही खाऊन टाकलाय. तो शब्द मिळेपर्यंत मी जमिनीवरून उठणार नाही. मला घाई नाही, तुम्हाला असेल तर बघा."

मग पलीकडे गोंधळ माजला. नियर, बाय, अंडर, कुणी बिटवीन म्हणालं. आत्या प्रत्येकाला उत्तर द्यायची, "खिडकीच्या खाली आहे? मग मी वाकून शोधू? बिटवीन म्हणालास, तर दुसरी वस्तू कुठली? एका वस्तूच्या मध्ये कसं असेल काही?" शेवटी 'बाय द विंडो' ठरलं. आता तिला तिथवर न्यायचं. हात धरायचा नाही, फक्त बोलायचं, आणि तेही इंग्लिशमध्ये. एकाने 'लेफ्ट' म्हटलं ते स्वतःच्या डावीकडचं, आणि आत्याचा गुडघा बाकावर आपटला. "कुणाचं लेफ्ट? तुझं का माझं?" आमच्या वर्गात गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून हसत होते. घंटा झाली तेव्हा आत्या खुर्चीत बसलेली होती. खुर्ची कुणी ओढली, हे तिने त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही कधी नाही. घरी आल्यावर आईने तिच्या कमरेला मलम चोळलं तेव्हा मात्र ती पालथी पडून त्या कार्ट्यांना मनसोक्त शिव्या देत होती.

तिथून तिचं शिकवणं सुरू झालं. इतरत्र हा धडा म्हणजे फळ्यावर इन, ऑन, ॲट, अंडरची रांग आणि पुढे मराठी अर्थ. आत्याला रांग लिहिताच येत नव्हती. ती म्हणायची, "मी शिकवणार आहे ते वर्गातच पडलंय, उचला." दप्तर बाकावर, बाकाखाली, दोन बाकांच्या मध्ये. मुलं सांगायची, ती जाऊन काठीने तपासायची. वाक्य चुकलं की काठी हवेत फिरायची आणि वर्ग ओरडायचा. एकेका मुलाचे डोळे रुमालाने बांधून त्यालाही फिरवायची. ज्याने स्वतःचं नाक दारावर आपटून घेतलं, तो पुढे 'इन फ्रंट ऑफ' आणि 'बिहाइंड' यांत गफलत करत नसे.

चेहरे दिसत नसल्यामुळे मुलांना ओळखायला तिने आवाज आणि जागा धरल्या. 'द गर्ल विथ द कफ'. 'द बॉय बाय द डोअर'. 'द बॉय इन द स्क्वीकी शूज'. मुलांना ही नावं खऱ्या नावांपेक्षा आवडू लागली. ती सांगायची, "नुसतं 'द बॉय' म्हटलं तर इथले निम्मे उभे राहतील. 'बाय द डोअर' हा तुकडा मागे लावला की एकच उभा राहतो. असा तुकडा म्हणजे प्रिपोझिशनल फ्रेज. पाठ नका करू. हाक मारून बघा."

एकदा खोकणाऱ्या मुलीने विचारलं, "बाई, आपण 'टेबलावर' म्हणतो. आधी टेबल, मग वर. इंग्लिशमध्ये आधी ऑन, मग टेबल. हे उलटं का?"

आत्या म्हणाली, "आपलं शब्दयोगी अव्यय शब्दाच्या शेपटाला चिकटतं. त्यांचं पुढे चालतं. का ते मला विचारू नकोस, भाषेला 'का' विचारायचं नसतं. पण मला त्यांची तऱ्हा आता पटते. मी हात पुढे करून चालते ना? हाताला आधी कळतं की काहीतरी खाली आहे, किंवा आडवं आलंय. ते काय आहे, ते नंतर कळतं."

सगळ्याच प्रश्नांना तिच्याकडे उत्तरं होती असं नाही. बसमध्ये बसलो तर 'ऑन द बस' आणि टॅक्सीत बसलो तर 'इन द टॅक्सी', असं का? "बसमध्ये उभं राहता येतं, म्हणून असेल," ती म्हणाली, आणि लगेच, "पण हे मी आत्ता जुळवलंय. तुम्ही आपलं तोंडात बसवून टाका."

करकर वाजणाऱ्या बुटांच्या मुलाने 'अगेन्स्ट'वर तिला अडवलं. शिडी भिंतीला टेकली आहे, त्यालाही अगेन्स्ट. आणि कुणाच्या विरुद्ध उभं राहिलं, तरी अगेन्स्ट. टेकणं आणि विरोध करणं एकच कसं?

"जा, भिंतीला पाठ लावून टेक," आत्या म्हणाली. "भिंत काय करतेय?"

"काही नाही, बाई. उभी आहे."

"तुला ढकलत नाहीये? ती ढकलत नसती तर तू पलीकडच्या वर्गात पडला असतास. तू तिच्यावर रेटतोयस, ती तुझ्यावर रेटतेय. म्हणून दोघं उभे आहात."

आडभिंतीच्या या बाजूला आम्हीही श्वास रोखून ऐकत होतो.

पण आवाज वाढला होता, आणि तो संस्थेच्या सचिवांपर्यंत पोचला. सचिव इस्त्रीच्या कपड्यांतले, हळू बोलणारे गृहस्थ. कुणा पालकाने तक्रार केली होती, की मुलं डोळे बांधून बाकांखालून रांगतात. आणि वह्या तपासल्या जात नाहीत. ही दुसरी तक्रार खरी होती. आत्या मुलांना वाक्यं मोठ्याने वाचायला लावायची. वाक्याची चूक कानाला कळायची, पण अक्षरांची नाही.

सहामाहीत 'क' तुकडीला प्रिपोझिशनच्या प्रश्नात चांगले गुण मिळाले. स्पेलिंगमध्ये मात्र धुलाई झाली. एकट्या 'बिटवीन'ची इतकी रूपं निघाली, की तपासणाऱ्या शिक्षकांनी शिक्षकांच्या खोलीत ती वाचून दाखवली. आत्याही तिथे होती. ती म्हणाली, "यात माझी चूक आहे. मला दिसत नाही, तर ते बघायला माणूस मागायला हवा होता." आणि तिने तसा माणूस मागितला.

माणूस मिळाला नाही. सुट्टीनंतर नवीन वेळापत्रक लागलं, त्यात सातवी 'क'च्या इंग्रजीपुढे चित्रकलेच्या सरांचं नाव होतं. आत्यापुढे वाचनालय. मी ते वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग काठी उघडली आणि म्हणाली, "चल, तास सुरू होईल."

"कुठे? वाचनालयात?"

"सातवी 'क'त."

चित्रकलेचे सर वर्गात आधीच होते. तरुण होते, नुकतेच लागलेले. आत्या आत आली तशी ते गडबडून उठले आणि म्हणाले, "बाई, मला हे नको होतं. मला नाही म्हणता आलं नाही."

"मग बसा. मी म्हणते." आणि तिने तास सुरू केला. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आले, सोबत सचिव. मी पाणी प्यायच्या निमित्ताने वर्गातून बाहेर पडले होते. दारातून सगळं दिसत होतं.

"बाई, हा तुमचा तास नाही," सचिव हळूच म्हणाले. "आम्हाला तुमच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे."

"ती ठेवा. मला तास द्या."

"नियमाप्रमाणे..."

"कुठला नियम? आंधळ्याने शिकवू नये असा असेल, तर वाचून दाखवा. मुलांपुढेच वाचा. ऐकू द्या त्यांना."

सचिवांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापक पुढे झाले आणि तिला बाहेर नेण्यासाठी त्यांनी तिचा दंड धरला.

आत्याने हात झटकला नाही. ती नुसती जागची हलली नाही. "सर, हात सोडा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. "मला न्यायचं तर उचलून न्यावं लागेल. मी माझ्या पायांनी या वर्गातून जाणार नाही."

मुख्याध्यापकांनी हात सोडला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटतं, त्यांना स्वतःची लाज वाटली असावी. मग मागच्या बाकावरून चित्रकलेचे सर उभे राहिले.

"सर, वेळापत्रकात माझं नाव राहू द्या. बाई शिकवतील. वह्या आणि स्पेलिंग मी बघतो. फळ्यावर मी लिहितो. माझं अक्षर तसंही बरं आहे."

"असं कुठे चालतं का?" सचिव म्हणाले.

मुख्याध्यापकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "चालवून बघू," ते म्हणाले. सचिवांच्या तोंडावर ते असं काही पहिल्यांदाच बोलत असावेत, कारण बोलून झाल्यावर ते स्वतःच जरा दचकले.

वार्षिक परीक्षेत 'क' तुकडी पहिली वगैरे आली नाही. मधोमध आली. पण 'बिटवीन' सगळ्यांना लिहिता येत होतं, आणि त्या वर्षी कुणी शिक्षक पळून गेला नव्हता. आत्याला आठवी, नववी मिळत गेली. चित्रकलेचे सर आणि ती इतके भांडायचे, की लोकांना वाटे आता सोडतील, पण ते दरवर्षी एकत्र तास मागून घ्यायचे. दहावी मात्र तिला द्यायची नाही, असं सचिवांनी ठरवलं होतं. बोर्डाचा निकाल म्हणजे संस्थेची अब्रू.

आणि याच सचिवांनी तिचा सत्कार ठरवला. शहरातल्या वर्तमानपत्रात तिच्याबद्दल चार ओळी आल्या, तेव्हा संस्थेला एकदम तिचा अभिमान वाटू लागला. स्नेहसंमेलनात, पाहुण्यांच्या हस्ते, मानपत्र आणि फुलं. वडील खूश झाले. आत्याला मी निमंत्रण वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं. 'इन स्पाइट ऑफ हर ब्लाइंडनेस, शी टीचेस इंग्लिश.'

"पुन्हा वाच."

मी वाचलं.

"बरं," ती म्हणाली. बाकी काही बोलली नाही. आत्या गप्प बसली की आईला धडकी भरायची. "ताई, व्यासपीठावर काही बोलू नका हं," आई म्हणाली. "घ्या आणि उतरा."

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. मी आत्याला पायऱ्या सांगत वर नेलं. पाहुण्यांनी मानपत्र पुढे केलं. आत्याने ते घेतलं नाही, माईक कुठे आहे ते विचारलं. तिला माईकची गरज नव्हती, पण तिने तो धरला.

"या सत्काराच्या निमंत्रणात व्याकरणाची चूक नाही," ती म्हणाली. "इन स्पाइट ऑफ. तीन शब्द मिळून एक प्रिपोझिशन. त्याच्यामागे 'हर ब्लाइंडनेस'. माझी सातवीतली मुलं सांगतील, असा तुकडा कधी लागतो. वाक्याला काही कमी पडत असेल, तर लागतो. तो काढला आणि तरी वाक्य उभं राहिलं, तर तो नुसता जोडलेला असतो. काढून बघा. काय उरतं? 'शी टीचेस इंग्लिश.' पुरं वाक्य आहे. मी पूर्वी हेच करत होते, आताही हेच करते. तेव्हा कुणी माझा सत्कार केला नव्हता. मग आज कशाचा करताय? माझ्या डोळ्यांचा? ते तर गेले."

सभागृहात कुजबुज झाली. सचिव खुर्चीत ताठ बसले होते.

"मला फुलं नकोत. मला दहावी द्या. निकाल वाईट लागला तर मला काढा, जशी कुणालाही काढाल तशी. पण आधी द्या."

तिने माईक परत दिला. मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगा आधी सचिवांकडे बघत होत्या, मग त्याही वाजवू लागल्या. पाहुणे मानपत्र हातात धरून तसेच उभे होते, ते कुणाला द्यावं हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ते माझ्या हातात कोंबलं.

घरी येताना वडील भयंकर चिडलेले. "चार लोकांत त्या माणसाची शोभा केलीस!"

"मी वाक्य तपासलं. माझं कामच आहे ते."

"उद्या घरी बसवतील तुला."

"बसवून बघू दे," आत्या म्हणाली, आणि बसथांब्यापर्यंत आमच्या पुढे चालत राहिली.

घरी बसवलं नाही. दहावीही लगेच दिली नाही. पुढचं वर्ष सचिवांनी तिच्याशी एक अक्षर न बोलता काढलं. त्यानंतरच्या वर्षी दहावीच्या इंग्रजीचे शिक्षक वर्षाच्या मध्यातच दुसऱ्या शहरात गेले, आणि पालकच मुख्याध्यापकांकडे गेले, की बाई आहेत ना. त्यांतले काही जुन्या सातवी 'क'चे पालक होते. सचिवांनी सही केली. आत्या म्हणाली, "मन मोठं नाही केलं, नाइलाज झाला त्यांचा. मला नाइलाज चालतो."

निकाल चांगला लागला. फार चांगला नाही, पण आधीच्या वर्षांपेक्षा वाईटही नाही. तिला काढण्याचं कारण कुणाला सापडलं नाही. निवृत्तीपर्यंत ती दहावीलाच राहिली, आणि निरोप समारंभ नको म्हणून शेवटच्या दिवशीही तिने पूर्ण तास घेतला. घंटा झाल्यावर मुलं उठेनात, तेव्हा तिने काठी बाकावर आपटली आणि म्हणाली, "चला, बाहेर व्हा. शिपायाला वर्ग झाडायचाय."